गयाबाईची टोपली

गयाबाई बांगड्या भरताना बांगडीकडे बघायची नाही आणि हाताकडेही बघायची नाही. डोळे अर्धे मिटून, समोरच्या भिंतीकडे तोंड करून ती बसायची आणि तिची बोटं समोरच्या बाईचा पंजा चुरत राहायची. अंगठ्याच्या मुळाशी जे हाड असतं ते ती अशा काही बेतानं आत दाबायची की काचेची बांगडी सुळकन मनगटात उतरायची. "हात ढिला सोड वो. हात हाय का मुसळ?" हे तिचं ठरलेलं वाक्य. तेवढ्या वेळात त्या बाईचं सगळं तिला कळतं, असा गावात बोलबाला होता. ताप आहे, घरात भांडण झालंय, दिवस गेलेत, सगळं. मी नर्स. मी म्हणायची, दिवस गेले की हात सुजतात आणि बांगडी अडते, त्यात काय मोठं! निम्म्या वेळा तिचा अंदाज साफ चुकायचा, पण चुकलेलं कोण लक्षात ठेवतं?

मी मूळची खामगावची, शिकले अकोल्याला आणि नेमणूक झाली ती संग्रामपूरच्याही पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात. महाराष्ट्र राज्य नवीन होतं, कुटुंबनियोजनाचं खातं नवीन होतं आणि मीही नवीनच होते. ग्रामपंचायतीनं दिलेली एक खोली, एक लोखंडी कपाट आणि खांद्याला लावायची सरकारी पिशवी एवढा माझा संसार. ती पिशवी घेऊन मी गल्लीत शिरले की एकेक कवाड धाडधाड बंद व्हायचं. "कुटुंबवाली आली, कुटुंबवाली आली," म्हणत पोट्टी पुढे पळायची आणि सगळ्यांना आधीच वर्दी द्यायची. पहिल्या महिन्यात मी कुठल्याही घरात ओसरीच्या आत गेले नाही. घसा सुकला तरी पाण्याचा तांब्या कोणी पुढे केला नाही. संताप संताप व्हायचा. नोकरी सोडून घरी जावं तर वडील म्हणणार, सांगत होतो ना!

एक दिवस अशीच तणतणत चालले होते, तर एका घराचं कवाड सताड उघडं. आत सगळ्या वाड्यातल्या बायका गोळा झालेल्या, मधे वेताची भली मोठी टोपली आणि टोपलीशी ही बसलेली. काळीसावळी, नाकात मोठी नथनी, पदर कमरेला खोचलेला. मला बघून बायका चिडीचूप झाल्या. हिनं मात्र हाक मारली, "काय वो नरसबाई, सरकारच्या हाताले बांगड्या नाईत का? ये, बस." मी म्हटलं, मला काम करताना अडचण होते. तिनं माझा हात धरला, मनगटावरचं घड्याळ जरा वर सरकवलं आणि म्हणाली, "घड्याळ हाय, म्हंजे येळ समजते. बांगड्या नाईत, म्हंजे घर समजत नाई." आणि मी नको नको म्हणेपर्यंत दुसऱ्या हातात हिरव्या बांगड्या चढलेल्या. बायका खळखळून हसल्या आणि त्या दिवशी मला त्या गावातला पहिला चहा मिळाला.

संध्याकाळी ती आपणहून माझ्या खोलीवर आली. कपाट उघडायला लावलं. त्यात फेसाच्या गोळ्या होत्या, गिळायच्या नव्हेत, नवऱ्याजवळ जाण्याआधी आत ठेवायच्या. तेव्हा खेड्यापाड्यांतून त्याच द्यायचो. बाईनं आपली आपण वापरायची गोळी, नवऱ्याला सांगायची गरज नाही, विचारायची नाही. रामबाण नव्हती ती, कधी फसायचीही, पण काहीच नसण्यापेक्षा शंभर पटींनी बरी. गयाबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुह्या थैलीले पाह्यलं की गाव दार लावते. माह्या टोपलीले पाह्यलं की गाव दार उघडते. मंग ही चीज कोन्या टोपलीत पाह्यजे, तूच सांग."

मी विचारलं, "तुम्ही कशाला एवढा उपद्व्याप करता?"

"माह्यं वय गेलं वो बाई. आठ पोट्टे झाले, तीन राह्यले. माह्या येळेले तू नोयती." एवढंच बोलली आणि पदराखाली दोन डबे घेऊन गेली.

तिची टोपली मी नंतर पुष्कळदा पाहिली. वर रंगीत काचेच्या माळा, खाली कुटाराचा, म्हणजे भुशाचा थर आणि एका कडेला फुटक्या काचांची पिशवी. गोळ्यांच्या नळकांड्या त्या फुटक्या काचांमधे. हात कापेल म्हणून तिथे कोणी हात घालत नसे, पोरंसुद्धा नाहीत. बाईचा हात हातात घेऊन, पंजा चुरत, मान खाली घालून ती कुजबुजत समजावून सांगायची. बाहेर ओट्यावर सासरे, नवरे बसलेले असत. पण बायकांच्या बांगड्या भरणं चाललंय म्हटल्यावर कुठला पुरुष आत येतो? एकदा नळकांडी हातात देताना ती एका अजाण पोरीला म्हणाली, "अवं, हा काही महादेवाचा परसाद नाई. तोंडात टाकशीन तं फेस येईन आन् घरचे भगत बोलावतीन." ती पोर तोंडाला पदर लावून इतकी हसली की बाहेरून सासूनं विचारलं, काय झालं.

पण ती रोज रोज एकाच घरी जाणार कशी? कासारणीला बोलावणं लागतं. त्याची वाट बायकांनीच शोधली. पहिल्यांदा कोणी, ते मला आजवर माहीत नाही. गोळ्या संपत आल्या की सून एखादी बांगडी जात्याच्या खुंट्यावर आपटायची. आपल्याकडे बांगडी ‘फुटली’ असं म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात, आणि सवाष्णीचा हात मोकळा राहिला की घरातल्या म्हातारीच्या जिवाला घोर लागतो. नवरा वावरात आहे, वाटेत साप आहे, किरडू आहे, आणि सुनेचा हात मोकळा! मग सासूच लगबगीनं निघायची कासारणीला बोलवायला. ज्या सासवांनी मला ओसरीवर येऊ दिलं नाही, त्या स्वतः जाऊन माझ्या गोळ्यांना घरी घेऊन यायच्या. मला इतकं हसू यायचं! "सुनेचे हात हायत का दगड?" अशी सासू कुरकुरली की गयाबाई तोंड वर करून सांगायची, "काच हाय, वाढनच. काम कमी देय तिले." आणि खरंच दोनचार घरांत सुनांचं दळण कमी झालं.

पुरुषांना ती भीत नसे. संग्रामपूरच्या बाजारात तिचा म्हातारा पाल मांडून बसायचा. एका बाजारी मीही तिथे होते. कोणीतरी पुढारी छाप तरणा माणूस चारचौघांत छाती काढून ओरडत होता, "आमी काही हातात बांगड्या नाई भरल्या!" गयाबाई पालातून उठली. "भरून तं पाह्य ना बाबू एकडाव. चुडा भरून निंदन कर, दळन दळ, पोट्टं काढ. सांजलोग एक बी बांगडी साबूत राह्यली तं चुडा फुकट देतो." लोक असे हसले की तो बिचारा ज्वारीच्या पोत्यांमागे गडप झाला. मला म्हणाली, "माह्या धंद्याले नामर्दाचा धंदा म्हंतात, बह्याड कुठचे."

आता वच्छलेचं सांगते. वच्छला ही सखुबाई नावाच्या म्हातारीची थोरली सून. चांगलं घर, काळं वावर, दोन बैलजोड्या. वच्छलेला चार मुली आणि एक मुलगा. शेवटच्या बाळंतपणात तिचं रक्त थांबेना, तेव्हा आधी बंडीत आणि मग मोटारीत घालून मोठ्या दवाखान्यात नेली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला, नामदेवला, समोर उभं करून बजावलं होतं की पुढचं बाळंतपण हिला झेपणार नाही, ही मरेल. असं अगदी सरळ शब्दांत. नामदेव वाईट माणूस नव्हता. बायकोला मारत नसे, पीत नसे. त्या दिवशी तो दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला म्हणतात. पण स्वतः ऑपरेशन करून घ्यायला तयार नव्हता, कारण मग वावरात जोर राहत नाही असं त्याला कोणी तरी सांगितलं होतं. आणि सखुबाईचं पालुपद एकच, "एक डोया डोया नसते आन् एक पोरगं पोरगं नसते." तिच्या स्वतःच्या तीन मुलांतला एक सर्पदंशानं गेला होता. भीती होती ती, हट्ट नुसता नव्हता. पण भीतीनं माणूस हट्टापेक्षा जास्त आंधळा होतो.

वच्छला बोलायची फार कमी. गयाबाईनं तिला पहिली नळकांडी दिली तेव्हा तिनं ती चोळीत घातली आणि गयाबाईच्या पायावर डोकं ठेवलं. बांगड्या भरल्यावर कासारणीला नमस्कार करतातच, तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. त्यानंतर वर्षभर, गोळ्या संपल्या की तिच्या हातातली एक बांगडी वाढायची आणि सखुबाई गयाबाईच्या दारात उभी. गयाबाई मला म्हणायची, "बाकीच्याईचं राहू दे, बाई. बाकीच्याईले एखांदं पोट्टं जास्त झालं तं होईन. पन या एकीले नाई पाह्यजे. कपाटात काही बी नसलं तरी वच्छीचा डबा ठेवजो." मी ठेवत होते.

मग तो पावसाळा आला. त्या भागातली काळी माती एकदा भिजली की बैलाचा खूर निघत नाही. नदीला पूर, मोटार बंद, टपालवाला आठ-आठ दिवस येत नाही, आणि गावातल्या गावातसुद्धा चपला हातात घेऊन चालायचं. मी उन्हाळ्यातच वर कळवलं होतं की पावसाच्या आत गोळ्या पाठवा. दोनदा कळवलं. कपाटात होत्या त्यातल्याही काही नळकांड्यांत ओल शिरली आणि गोळ्या आतल्या आत फसफसून त्यांचं पीठ झालं. वच्छलेसाठी जपलेला डबाही त्यातच गेला. आषाढात एकदा पाणी जरा उतरलं तेव्हा कार्यालयाचा शिपाई सायकल डोक्यावर घेऊन नदी पार करून आला. त्याच्या पाठीवर ताडपत्रीत बांधलेलं गाठोडं. मला इतका आनंद झाला की त्याच्यासाठी मी शिरा केला. गाठोडं सोडलं तर आत चित्रं होती. भिंतीवर लावायची मोठी रंगीत चित्रं. एका छत्रीखाली नवरा, बायको आणि दोन गोरीगोमटी पोरं.

गयाबाईनं चित्र हातात धरलं, उलटं केलं, पाठीमागे काही आहे का तेही पाहिलं. "हे काय करावं? बाईनं अंथरून निजावं का याच्यावर?" शिपाई शिरा खात होता.

त्या दिवसांत बांगड्या वाढतच होत्या. एका घरातून बोलावणं, दुसऱ्या घरातून बोलावणं. गयाबाई जायची, हात धरायची, हलकेच मान हलवायची आणि नुसत्या बांगड्या भरून परत यायची. वच्छलेकडे तर सखुबाई एका आठवड्यात दोनदा बोलवायला आली. गयाबाई परतताना माझ्याकडे येऊन बसली. "तिनं माह्या हाताले नखं रुतवले वो," म्हणाली. "काही बोलली नाई. नखं रुतवले."

मग तिनंच तोड काढली. पुढच्या खेपेला वच्छलेचा पंजा चुरता चुरता ती मोठ्यानं, सासूला ऐकू जाईल असं म्हणाली, "सरावन आला. महादेवाचा नेम धर ना वच्छे. नेम पुरा होईलोग चटईवर निजनं, सासूजवय. देवाच्या नेमात नवऱ्याची सावली बी नाई पाह्यजे." सखुबाईचे डोळे चमकले. देवाधर्माचं म्हटल्यावर ती म्हातारी लोणी व्हायची. वच्छलेनं त्याच सोमवारपासून नेम धरला. एकवेळ जेवण, सकाळी बेल, रात्री सासूच्या शेजारी चटई. नामदेवनंही मोडता घातला नाही. देवाच्या कामात त्याची काय बिशाद! श्रावण गेला, भादवा गेला. वच्छलेच्या चेहऱ्यावर जरा तजेला आला. गयाबाई मला म्हणायची, "तुह्या सरकारले सांग, गोया नसतीन तं महादेव पाठवा." आम्ही दोघी मनातल्या मनात उघडिपीची वाट पाहत होतो. पाणी उतरेल, रस्ता सुकेल, मोटार सुरू होईल, डबे येतील.

एक गोष्ट मात्र आमच्या कोणाच्याही डोक्यात आली नाही. तीन-तीन शहाण्या बायका, पण नाही आली. आमच्या भागात लेकुरवाळी सून असा कडकडीत नेम धरते तो कशासाठी? दुसऱ्या मुलग्यासाठी. सखुबाईला दुसरं काही सुचलंच नव्हतं. सून न सांगता, न बोलता वंशासाठी देवाला साकडं घालतेय, या कल्पनेनं ती इतकी विरघळली होती की तिनं सुनेला वर्षभर कधी दिलं नसेल तेवढं दूध त्या दोन महिन्यांत दिलं. रात्री तिचे पाय चेपायची म्हणे. आणि दसऱ्याच्या सुमाराला तिनं आपणहून नेमाचं उद्यापन घातलं.

मला जेवणाचं आमंत्रण होतं, गयाबाईला चुड्याचं. अंगणात सडा, रांगोळी, सवाष्णींच्या पंगती, पुरणाचा वास. वच्छलेला नवं लुगडं नेसवून पाटावर बसवलं होतं. गयाबाई तिच्या हातात हिरवा चुडा भरत होती आणि सखुबाईनं खणा-नारळानं सुनेची ओटी भरली. भरून झाल्यावर तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "महादेवानं आइकलं असन माय तुह्यं. नेम पुरा झाला. आजपासून आतल्या खोलीत नीज." बायकांनी एकमेकींना कोपरखळ्या मारल्या. नामदेव ओट्यावर मान खाली घालून लाजल्यासारखा हसत होता.

गयाबाईच्या हातातली बांगडी तिथल्या तिथे राहिली. "सखुबाई," ती म्हणाली, "नेम आजून नाई पुरा झाला वो."

"काऊन? सोमवार मोजले ना म्या."

"कातिकलोग धराव लागते."

"कोनं सांगतलं? भटजीले इचारून उद्यापन घातलं. तुले जास्त समजते का भटजीपेक्षा?"

मला राहवेना. मी पुढे होऊन स्पष्ट सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं विसरलात का? ही मरेल, असं म्हणाल्या होत्या. सखुबाई रागावली नाही. रागावली असती तर भांडता तरी आलं असतं. तिनं माझ्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली आणि समजूत घातल्यासारखी म्हणाली, "डॉक्टरीन मानूस हाय वो बाई. महादेव देव हाय. देवानं देलं तं देवच सांभाळन."

वच्छला पाटावर बसून होती. ओटी भरलेली, हात चुड्यानं भरलेले. सगळं तोंडावर आलं होतं, पण बोलणार काय? नेम कशासाठी धरला होता हे सांगायचं म्हणजे गोळ्यांचं सांगायचं, आणि गोळ्यांचं सांगायचं म्हणजे गावातल्या सगळ्या सुनांचं बिंग फोडायचं. तिनं एकदा गयाबाईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग उठून सगळ्यांच्या पाया पडली. माझ्याही पाया पडली. मी वयानं तिच्याहून लहान होते.

दिवाळीनंतर रस्ता सुकला. मी पहिल्याच मोटारीनं कार्यालयात गेले, तर तिथे नवाच हुकूम. गोळ्या आता बंद. आता लूप, गर्भाशयात बसवायचं. एकदा बसवलं की वर्षानुवर्षं बघायला नको, रोज उठून गोळ्या कशाला वाटायच्या, असं साहेब मला उत्साहानं समजावत होते. लूप वाईट होतं असं मी म्हणत नाही. पण ते बसवायला डॉक्टरीणबाई लागायची, ती तालुक्याला कधी असायची कधी नसायची, आणि सुनेला मोटारीत बसवून तालुक्याला न्यायचं तर घरात काय सांगून न्यायचं? बांगड्या भरायला? गोदामात गोळ्यांचे डबे आढ्यापर्यंत रचलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. मागितले. मिळाले नाहीत. परत आले तेव्हा गयाबाई मोटारीच्या थांब्यावर उभी होती. माझी पिशवी बघायच्या आधीच म्हणाली, "राहू दे. वच्छीले उलट्या सुरू झाल्या."

ते महिने मला अजून आठवावेसे वाटत नाहीत. कायद्यानं तेव्हा काही करता येत नव्हतं आणि चोरून जे करतात त्यात बाई आधी मरते, हे गयाबाईला माझ्याइतकंच ठाऊक होतं. कोणी तरी झाडपाल्याचं नाव काढलं तर ती त्या बाईच्या अंगावर धावून गेली. मी लोहाच्या गोळ्या देत होते. शेवटच्या महिन्यात तिला आधीच मोठ्या दवाखान्यात नेऊन ठेवायचं असं सखुबाईकडून कबूल करून घेतलं होतं. "नेऊ बाप्पा, नेऊ," म्हणायची ती, आणि नेलंही असतं. पण वच्छलेला वैशाखात, दिवस भरायच्या आधीच कळा लागल्या. भर दुपार, सकाळची मोटार निघून गेलेली. मी बाळंतपण केलं. मुलगा झाला. चांगला रडणारा मुलगा. महादेवानं ऐकलं होतं.

रक्त थांबलं नाही. नामदेवनं बंडी जुंपली, मी आणि सखुबाई तिच्यासोबत बसलो. वरून ऊन आग ओकत होतं, नामदेव बैलांना मारत होता आणि रडत होता. मला जे येत होतं ते सगळं मी केलं. सखुबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि वच्छला तिच्या कानाशी काही तरी बोलत होती, बराच वेळ. इतकं ती कधी बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. संग्रामपूर दिसायला लागायच्या आत ती गेली. आम्ही बंडी फिरवली.

अहेव बाई गेली की तिला हिरवा चुडा भरून नेतात. गयाबाईला बोलावणं गेलं. ती आली, वच्छलेजवळ बसली आणि तिनं एकेक करून दोन्ही हात भरले. एकही बांगडी तडकली नाही. घर बायकांनी भरलं होतं, पण कोणी मोठ्यानं रडत नव्हतं. भरून झाल्यावर ती उठली तशी सखुबाईनं तिचा पदर धरला. सखुबाईच्या धाकट्या मुलाचं लग्न आदल्या वर्षीच झालं होतं. ती सून, अठरा-एकोणीस वर्षांची पोर, पहिल्या लेकराला कडेवर घेऊन दाराशी उभी होती.

"वच्छीनं बंडीत समदं सांगतलं मले," सखुबाई म्हणाली. "माह्याच हातानं झालं वो. मी उद्यापन घातलं." मग तिनं धाकटीकडे बोट केलं. "हिले देय त्या गोया. घरी येऊन देय. कोनाले चोरून नोको. मी बसतो दारात, पाहू कोन काय म्हन्ते तं."

गयाबाईनं टोपली उचलून डोक्यावर घेतली. मग म्हणाली, "हाव. देतो."

आम्ही दोघी बाहेर आलो. गल्लीत पुरुष बांबू बांधत होते. थोडं पुढे गेल्यावर ती थांबली.

"कुठी हायत गोया?"

"गोदामात," मी म्हटलं. "तालुक्याच्या."

"हायत म्हंजे?"

"आहेत. डबे भरून आहेत. आता वाटायच्या नाहीत, असा हुकूम आहे."

"कुलपात?"

"हो."

तिनं टोपली डोक्यावरून उतरवून खाली ठेवली. "हायत," ती म्हणाली. "हायत, आन् वच्छी मेली. आन् आता बुढी सोताच्या तोंडानं मांगून राह्यली, तं मी धाकटीले काय देऊ? तूच सांग नरसबाई, काय देऊ?"

मग तिची तीच वाकली, टोपली उचलली आणि घराकडे गेली.